नावाखालची ओळ

संशोधनाचा लेख कधी तुमच्या हातात आला असेल, तर त्यातली एक ओळ तुम्ही नक्की वगळली असेल. वर लेखाचं शीर्षक, त्याखाली लेखकाचं नाव आणि त्याच्याही खाली बारीक तिरक्या टाइपात एक ओळ असते. अमुक विभाग, तमुक संस्था, मुंबई. ती ओळ कोणी वाचत नाही. मी वाचली. एकतीस वर्षं तेच माझं पोटापाण्याचं काम होतं आणि एकदा तर त्या ओळीपायी नोकरी जायची वेळ आली होती. माझ्या सुनेला याचं हसू येतं. ती म्हणते, लोक जागेसाठी भांडतात, आमच्या आई पत्त्यासाठी भांडल्या. भांडले खरी, आणि पुन्हा वेळ आली तर पुन्हा भांडेन.

गिरगावात फणसवाडीच्या तोंडाशी एका इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर आमचं ऑफिस होतं. एका विज्ञान मंडळाचं इंग्रजी त्रैमासिक तिथून निघायचं. मॅट्रिक आणि टायपिंगच्या परीक्षा देऊन मी लालबागहून ट्रामने तिथे जायला लागले तेव्हा एकोणीस वर्षांची होते. संपादक होते कर्णिकसर, रसायनशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक. मंडळावर आणखी आठ जण होते, पण लेख नोंदवणं, टाइप करणं, तज्ज्ञांकडे पाठवणं, प्रुफं तपासणं आणि शेवटी पाकिटं चिकटवणं हे सगळं मी करायची. पुढे लग्न झालं, आडनाव बदललं, तरी ऑफिसात मी सावंतबाईच राहिले. मीच तसा आग्रह धरला होता. काम सावंतने केलं होतं.

आता त्या ओळीचा नियम सांगते, कारण सगळं त्यावरच आहे. लेखक लेख पाठवतो आणि तो छापून यायला वर्ष-दीड वर्ष जातं. तेवढ्यात माणूस नोकरी बदलतो. मग नावाखाली जुनी संस्था घालायची की नवी? नियम असा की काम जिथे झालं, ती संस्था नावाखाली. प्रयोग तिथे झाले, उपकरणं तिथली, टिपणवह्या तिथल्या कपाटात. उद्या कोणाला शंका आली तर त्याने कुठलं दार ठोठवायचं ते त्या ओळीवरून कळलं पाहिजे. लेखक आता दुसरीकडे असेल तर त्याच्या नावावर एक बारीक तारका द्यायची आणि पानाच्या तळाशी लिहायचं, सध्याचा पत्ता अमुक. पत्र कुठे टाकायचं ते तिथून कळतं. एवढंच. चौथीतल्या मुलाला समजेल असा नियम, आणि भलेभले प्राध्यापक तो मोडायला माझ्या टेबलाशी यायचे.

एक गृहस्थ लेख छापखान्यात असताना एका नव्या कॉलेजचे प्रिन्सिपॉल झाले. त्यांची तार आली की नावाखाली नवं कॉलेज घाला, जुनं काढा. मी उलट टपाली विचारलं की आपले प्रयोग नव्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत झाले का? त्यांचं उत्तर आलं नाही. मागून कळलं की त्या प्रयोगशाळेवर अजून छप्पर चढायचं होतं. दुसऱ्या एकांनी नावाखाली चार संस्था लिहून पाठवल्या होत्या. त्यातल्या एका ठिकाणी ते फक्त वाचनालयाचे सभासद होते. असल्या लोकांशी मी हसतखेळत भांडायची. त्यात कोणाचं काही बिघडत नव्हतं.

गमरेंचं प्रकरण तसं नव्हतं.

अर्जुन गमरे परळच्या एका संशोधन संस्थेत सहायक होते. संस्थेचं नाव मी लिहीत नाही. जिचं नाव छापावं म्हणून मी भांडले, तिचंच नाव आज गाळते आहे, हे मला कळतं. पण ती संस्था आता राहिलेली नाही आणि तिथला कोणी उत्तर द्यायला येऊ शकत नाही. तेव्हा मात्र तिचा दबदबा होता. मोठमोठे गिरणीमालक तिचे आश्रयदाते होते.

लेख आला तो संस्थेच्या छापील कागदावरच्या पत्रासोबत. आमच्या संस्थेत झालेलं काम प्रसिद्धीसाठी पाठवत आहोत, असं त्यात लिहिलेलं आणि खाली विभागप्रमुख देवधरसाहेबांची सही. मी आवक वहीत नोंद केली, शिक्का मारला. सही करताना देवधरसाहेबांनी लेख वाचला नव्हता असं माझं आजही मत आहे. शीर्षक इतकं कंटाळवाणं होतं की मीही पहिल्यांदा तसाच बाजूला ठेवला होता. टाइप करायला घेतला तेव्हा अर्थ लागत गेला. गिरणीच्या कार्डिंग खात्यात, म्हणजे जिथे कापूस पिंजून त्याचे पेळू होतात तिथे, हवेत धूळ किती असते ते गमरेंनी मोजलं होतं. त्या खात्यातल्या कामगारांच्या फुंकरीचा जोर पाळीच्या सुरुवातीला किती आणि शेवटी किती, तेही मोजलं होतं. सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवशी त्यांची छाती सगळ्यांत जास्त भरते आणि आठवड्याच्या शेवटी जरा मोकळी होते, असं त्यांना दिसलं होतं.

माझे वडील कार्डिंग खात्यात होते. दर सोमवारी पाळीवरून आले की जिन्यात दोनदा थांबायचे. आम्ही समजायचो, रविवारचं जेवण जड झालं.

त्या संध्याकाळी मी बाबांना लेखाबद्दल सांगितलं. मालवणहून मुंबईत येऊन त्यांना तीस वर्षं झाली होती, तरी घरात बोलणं मालवणीच. त्यांनी विचारलं की हा माणूस बारीक, चष्मेवाला आहे का? त्यांनी गमरेंना पाहिलं होतं. एक जण काचेची बाटली, रबरी नळी आणि हातपंप घेऊन पुऱ्या पाळीभर यंत्राशी उभा राहून हवा ओढायचा. कामगार त्याला हवावाला म्हणायचे. त्याने बाबांनाही एका नळीत फुंकायला लावलं होतं. म्हणजे त्या तक्त्यातल्या कुठल्यातरी आकड्यात माझे बाबा होते.

हे मी ऑफिसात कोणाला बोलले नाही.

लेख दोन तज्ज्ञांकडे गेला. दोघांनी बारीकसारीक शंका काढल्या आणि शेवटी लेख छापावा असं कळवलं. यात वर्ष गेलं. ते वर्ष साधं नव्हतं. मुंबई महाराष्ट्रात राहणार की नाही हा प्रश्न प्रत्येक चाळीच्या कठड्यावर चर्चेला होता. ऑफिसात जाताना विजेच्या खांबांवर, दुकानांच्या फळ्यांवर डांबराने लिहिलेल्या घोषणा दिसायच्या. संचारबंदीचे दिवस आले. आमच्या चाळीतल्या एका घरातला माणूस गोळीबारानंतर परत आलाच नाही. मी मोर्चात दोनदा चालले, तेही मधल्या रांगेत, पोलीस दिसणार नाहीत अशा जागी. माझं शौर्य तेवढंच.

आणि एक दिवस सकाळी अकराच्या सुमारास गमरे स्वतः ऑफिसात आले. पत्ता बदलला आहे, तो नोंदवायचा आहे, म्हणाले. सत्याग्रहाच्या तुकडीत ते गेले होते, पंधरा दिवस तुरुंगात राहिले होते. बाहेर आल्यावर देवधरसाहेबांनी बोलावून राजीनामा लिहून घेतला. आता ते लालबागच्या एका रात्रशाळेत शास्त्र शिकवत होते. शाळेचं नाव त्यांनी कागदावर सुंदर अक्षरात लिहून आणलं होतं आणि त्यांचं म्हणणं होतं की नावाखाली फक्त तेच छापा. ज्यांनी बाहेर काढलं, त्यांच्या नावाचा टिळा कपाळावर कशाला?

मी त्यांना नियम सांगितला. ते ऐकेनात. मग मी म्हटलं की शाळेचं नाव घातलं तर उद्या कोणीही विचारेल, रात्रशाळेतल्या मास्तराने ही धूळ कशाने मोजली, खडूच्या डबीने? संस्थेचं नाव हा त्यांच्यावर उपकार नाही, तुमच्या कामाचा तो ठिकाणा आहे. संस्था वर, शाळा तळाशी तारकेने. त्यांनी शाळेच्या नावाचा कागद माझ्याकडे सरकवला. शेवटी म्हणाले, ठीक आहे, नियम आहे तर नियम.

गमरेंचं घर बौद्ध धर्माची दीक्षा घेतलेलं. त्या संस्थेत त्यांच्या पाण्याचा पेला खिडकीत वेगळा ठेवलेला असायचा, हे त्यांनी मला पुष्कळ वर्षांनी, दुसरंच काही सांगताना सहज सांगितलं. त्या सकाळी मला ते माहीत असतं तर मी इतक्या ठसक्यात त्यांची समजूत घातली असती का, सांगता येत नाही. नियम बरोबरच होता. पण तो गिळणं त्यांना किती जड गेलं ते मला तेव्हा कळलं नव्हतं.

लेखाची जुळणी झाली, प्रुफं आली आणि पाठोपाठ संस्थेचं पत्र आलं. गमरे आता आमच्या सेवेत नाहीत, सबब त्यांच्या लेखाखाली आमच्या संस्थेचं नाव वापरू नये. खाली सही देवधरसाहेबांची. या खेपेला त्यांनी लेख वाचलेला होता.

कर्णिकसर भले माणूस होते, पण थकले होते. आमची ऑफिसची जागा मंडळाच्या एका विश्वस्तांची, आणि ते विश्वस्त संस्थेच्या कार्यकारिणीवर. सरांनी पत्र दोनदा वाचलं, चष्मा काढला आणि मला म्हणाले की ओळ काढून टाका, शाळेचं नाव वर घ्या, लेख तर छापला जातोय ना, मग वाद नको. मी बाईमाणूस, कारकून, घरात लहान भावंडं. मी प्रुफावर लाल शाईने ती ओळ खोडली. माझ्या हाताने खोडली. कोणी हात धरला नव्हता.

छापखाना आमच्याच गल्लीत मागच्या अंगाला होता. तिथे शिरोडकर नावाचे जुळारी होते, म्हणजे खिळे जुळवणारे. इंग्रजी त्यांना बोलता यायचं नाही, पण उलटी अक्षरं ते माझ्यापेक्षा भरभर वाचायचे. प्रूफ बघून त्यांनी विचारलं, "बाई, चूक असेल तर काढतो. चूक आहे का ही?"

मी म्हटलं, सरांनी सांगितलंय. त्यांनी मान हलवली आणि कामाला लागले.

दोन दिवसांनी गमरे प्रूफ वाचायला आले. त्यांना खुर्ची दिली, चहा मागवला. आधी त्यांनी सगळे तक्ते तपासले. एका ठिकाणी दशांश चिन्ह सरकलं होतं, ते पकडलं. मग पहिल्या पानावर आले. मी टाइपरायटरवर उगाच काहीतरी बडवत होते. त्यांनी पान माझ्यासमोर ठेवलं आणि आवाज न चढवता म्हणाले, "सावंतबाई, या ओळीशिवाय हा लेख म्हणजे माझी तक्रार होते. ओळीसकट असला तर तो पुरावा आहे. तुम्हीच मला हे समजावलं होतं."

मी संस्थेचं पत्र पुढे केलं. त्यांनी ते वाचून घडी घालून परत दिलं. प्रुफावर सही करणार नाही, लेख परत द्या, असं सांगून निघाले. चहा तसाच राहिला. जिन्यापर्यंत मी गेले आणि तिथूनच परत फिरले.

तो सोमवार होता. घरी आले तर बाबा खाटेवर पुढे वाकून, दोन्ही हात गुडघ्यांवर टेकून बसलेले. आई छातीला तेल चोळत होती. मी त्यांच्याजवळ बसून सगळं सांगितलं, ओळ खोडली तेही सांगितलं. त्यांना श्वास लागत होता म्हणून थांबून थांबून विचारलं, "गो बाय, त्याणां लिवलां तां खरां आसा, ह्यां तुका म्हायत आसा मा?"

मी हो म्हटलं.

"मगे खोडलंस कित्याक?"

ओरडले असते तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी मी अर्धा तास आधी ऑफिसात पोचले. लेखासोबत आलेलं पहिलं पत्र फाइलमधून काढलं, आवक वही काढली आणि दोन्ही सरांच्या टेबलावर मांडून ठेवली. सर आले, त्यांना सांगितलं की शनिवारी खोडलेली ओळ चुकून खोडली गेली आहे आणि मी ती परत घालणार आहे. नियम आपण सगळ्यांना लावतो, त्या प्रिन्सिपॉलनाही लावला. संस्थेला नाव नको असेल तर त्यांनी लेख पाठवायलाच नको होता. आणि हे मान्य नसेल तर माझा राजीनामा टाइप करून ठेवलाय, तारीख तेवढी घालायची आहे. सर म्हणाले, बसा. एवढंच म्हणाले, आणि ते पत्र वाचू लागले.

सरांनी संस्थेत फोन करून कळवलं असावं, दुपारी देवधरसाहेब स्वतः आले. मला वाटलं होतं की कोणीतरी दांडगट माणूस असेल. ते अगदी सौम्य होते. त्यांनी आधी चळवळीचा विषय काढला. मुंबई आपलीच आहे, आपणही सभांना जातो, वर्गणी देतो, असं सांगितलं. गमरे हुशार आहेत, पण उतावळे. त्यांचे आकडे पुन्हा तपासून पाहायला हवेत. तोवर संस्थेचं नाव नको, आणि लेखासोबतचं ते जुनं पत्र फाइलसाठी परत मिळालं तर बरं होईल.

पत्र मिळणार नाही, आमच्याकडे आवक झालेला कागद बाहेर जात नाही, असं मी म्हटलं. त्यांनी पहिल्यांदाच माझ्याकडे नीट पाहिलं. मी कुठे राहते विचारलं. लालबाग म्हटल्यावर वडील काय करतात विचारलं. मी सांगितलं, गिरणीत, कार्डिंगला. ते सरांकडे वळले आणि हळू आवाजात म्हणाले की बघा, आता यात निःपक्षपातीपणा कसा राहणार?

मी म्हटलं, "साहेब, लेख मी लिहिलेला नाही. मी फक्त तारीख लिहिली आहे. सही तुमची आहे."

कर्णिकसरांनी वही स्वतःकडे ओढली आणि मला विचारलं की कोणती तारीख आहे, मोठ्याने वाचा. मी वाचली. त्या दिवशी गमरे संस्थेच्या नोकरीत होते का, असं त्यांनी देवधरसाहेबांना विचारलं. साहेब म्हणाले, होते, पण मुद्दा तो नाही.

"आमच्याकडे मुद्दा तेवढाच असतो," सर म्हणाले. "ओळ राहील."

देवधरसाहेब उठले. जाताना त्यांनी सरांना नमस्कार केला, मला केला नाही. सरांनी राजीनाम्याचा कागद फाडून टोपलीत टाकला आणि माझ्याकडे न बघता म्हणाले की चाळीस वर्षं मुलांना सांगत आलो, जे दिसलं ते लिहा, आणि परवा शनिवारी मी तुम्हाला उलटं सांगितलं.

खोडलेला मजकूर तसाच राहू द्यायचा असेल तर प्रुफात त्याच्याखाली टिंबं टिंबं देतात. मी त्या ओळीखाली इतकी टिंबं दिली की कागदाला भोकं पडली. ते घेऊन छापखान्यात गेले. काढलेले खिळे शिरोडकरांनी केव्हाच आपापल्या खणांत टाकले असतील, ओळ पुन्हा जुळवावी लागेल, म्हणून वेळ लागला तर चालेल असं सांगायला लागले. त्यांनी दगडी ओट्याच्या कडेवरून दोऱ्याने बांधलेली ओळ उचलली. तशीच्या तशी होती. ते म्हणाले की तुम्ही चूक आहे असं बोलला नव्हता, म्हणून सोडली नाही.

त्या संध्याकाळी मी गमरेंच्या शाळेत निरोप ठेवला. सकाळी ते येऊन प्रुफावर सही करून गेले. या खेपेला चहा प्यायले.

लेख छापून आला. संस्था वर, तारका, तळाशी रात्रशाळा. त्याचे परिणामही आले. विश्वस्तांनी जागा रिकामी करायला सांगितली. मंडळावरच्या तिघांनी अंग काढून घेतलं. आमचं त्रैमासिक हातगाडीवरून दादरला गेलं, सरांच्या भाच्याच्या तळमजल्यावरच्या एका खोलीत, जिथे दुपारीही दिवा लावावा लागायचा. वर्षभर अंक निघतो की बंद पडतो अशी हालत होती. बंद पडला नाही.

गिरण्यांतल्या हवेबद्दल पुढे एक चौकशी झाली तेव्हा कामगारांच्या वकिलाने तो लेख पुढे केला. मालकांच्या बाजूचा वकील म्हणाला की हे कोणा रात्रशाळेच्या मास्तराचं लिखाण आहे. कामगारांच्या वकिलाने पान त्याच्याकडे फिरवून नावाखालच्या ओळीवर बोट ठेवलं, म्हणे. मी तिथे नव्हते, गमरे होते, त्यांनी सांगितलं. काही गिरण्यांनी कार्डिंग खात्यात धूळ ओढणारे पंखे बसवले. बाबांच्या गिरणीत ते बसले तेव्हा बाबा निवृत्त होऊन दोन वर्षं झाली होती. त्यांच्या छातीला त्याचा काही उपयोग झाला नाही. लोक म्हणतात, सत्याचा विजय झाला. मी म्हणते, ओळ छापून आली. माझ्या हातात तेवढंच होतं आणि त्यातलेही दोन दिवस मी घाबरून घालवले.

गमरेंचा दुसरा लेख आला तोवर महाराष्ट्र झाला होता. ते विदर्भातल्या एका कॉलेजात लागले होते. या खेपेला त्यांच्या प्रिन्सिपॉलांचं पत्र आधी आलं की नावाखाली आमच्या कॉलेजचं नाव यावं. गमरेंनी मात्र स्वच्छ लिहिलं होतं: काम लालबागच्या रात्रशाळेत झालं आहे, शाळेचं नाव वर घाला, कॉलेज तळाशी. रात्रशाळेतले विद्यार्थी म्हणजे निम्मे गिरणी कामगार. त्यांनीच आपापल्या खात्यांत बाटल्या नेऊन दीड वर्ष रोज नोंदी केल्या होत्या. मंडळाच्या बैठकीत एक सभासद म्हणाले की रात्रशाळा ही काय संशोधन संस्था आहे? सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, कपाट तिथलं आहे, वह्या तिथल्या आहेत, कोणाला शंका आली तर तेच दार ठोठवावं लागेल. ओळ तशीच छापायला गेली.

लेखाच्या सुट्या प्रती पोचवायला मी स्वतःच शाळेत गेले, घरी जाताना वाटेवरच होती. पहिला तास सुरू व्हायचा होता. मिशीवाले, केसांना कापसाचे तंतू चिकटलेले मोठे बाप्ये लहान बाकांवर गुडघे दुमडून बसलेले. मी प्रती वाटल्या. इंग्रजी वाचण्याइतकं फार थोड्यांना येत होतं, पण लालबाग हा शब्द त्यांनी बरोबर शोधला. एकमेकांना बोटाने दाखवू लागले. आपली शाळा, आपली शाळा, असं सुरू झालं. मला खूप अभिमान वाटला, खोटं कशाला सांगू.

मागच्या बाकावर तुकाराम मोरे म्हणून एक जण होते. त्यांनी पानं पुढे-मागे उलटली, शेवटपर्यंत गेले, परत आले. मग उभे राहून शांतपणे विचारलं, "बाई, शाळेचं नाव आलं. आमची नावं कुठं आहेत?"

लेखाच्या शेवटी आभाराची एक ओळ होती. रात्रशाळेच्या विद्यार्थ्यांचं साहाय्य झालं, एवढीच. गमरेंनी सगळी नावं लिहून पाठवली होती. आभारात इतकी नावं देत नाहीत, जागा जाते, म्हणून मी ती कापली होती. कोणी सांगितलं नव्हतं. सवयीने कापली होती. मी सांगायला लागले की तसा नियम नाही, आणि वाक्य तोंडातच थांबलं. असा कुठलाही नियम नव्हता.

मी पर्समधून वही काढली आणि एकेकाला नाव, गिरणीतलं खातं विचारत बाकांमधून गेले. अकरा जण होते. एकाने दोनदा स्पेलिंग तपासून घेतलं.

पुढच्या अंकाच्या शेवटच्या पानावर, जिथे छपाईतल्या चुकांची दुरुस्ती देतात, तिथे मी ती अकरा नावं जुळवायला दिली. प्रूफ बघताना कर्णिकसरांनी विचारलं की इथे तर चुका येतात, यात चूक कोणाची?

"माझी," मी म्हटलं. त्यांनी सही केली.